वीस मीटरचा पट्टा

सामान कमी घ्या. मोबाईल घरीच ठेवा. १९५१ साली नाशिक रोडला तो चार्ज करायला जागा शोधण्यात दिवस जाईल. मनगटावर किल्लीचं घड्याळ असेल तर चालेल. खिशात नोटांपेक्षा चिल्लर बरी. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, एवढं पाठ असलं की पुरे. आणि ते पोपटी सोलचे रनिंग शूज अजिबात घालू नका. ज्या मुलींना बघायला आपण निघालोय त्यांच्याही पायांत तसे नाहीत. स्टेशनावरचे हमाल कामधंदा सोडून तुमच्याकडे बघत बसतील.

फेब्रुवारीचा शेवट आहे. सकाळी अजून स्वेटर लागतो, दुपारी टोचतो. स्टेशनाबाहेर टांगे उभे आहेत आणि नाशिकला जाणाऱ्या माणसांची घासाघीस चालली आहे. तुम्हाला गावात जायचं नाही. तुम्हाला जायचंय इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ साली उभारलेल्या या छापखान्यात देशाची पोस्टाची तिकिटं छापली जातात. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, पण तुम्ही बहुधा अजून जन्मलेलेच नाही, तेव्हा पहारेकरी अडवणार कुणाला?

आत शाईचा आणि डिंकाचा वास. ताव मोजले जातात, पुन्हा मोजले जातात. या कारखान्यात फाटका कागदसुद्धा कचरा नसतो, त्याचाही हिशेब द्यावा लागतो. एका टेबलाशी वाका. तावावर छोट्या छोट्या मशाली दिसतील. दोन आण्यांचं तिकीट जांभळट-नारिंगी, बारा आण्यांचं चॉकलेटी-निळं. दिल्लीत ४ मार्चला पहिल्या आशियाई स्पर्धा सुरू होतील, त्याच दिवशी ही तिकिटं देशभरच्या पोस्टांत विकायला येतील. मशाल आहे, पण ती घेऊन धावणारं कुणी नाही. ना बाप्या, ना बाई.

ज्या स्पर्धांची तिकिटं इथे छापली गेली, त्या स्पर्धांत आशियातल्या बायका चौघी-चौघींच्या संघांनी धावणार आहेत. नाशिकची एकही मुलगी त्यांत नाही. आज आपण ज्या नाशिकला पळणाऱ्या मुलींचं गाव म्हणून मिरवतो, ते व्हायला अजून अर्धशतक जायचंय.

पंजाब मेल आली. व्हीटीपासून विजेवर आलेल्या गाडीला इगतपुरीला वाफेचं इंजिन लागलंय, तेव्हा खिडकीशी बसायची हौस असेल तर डोळ्यांत कोळसा जाणार हे धरून चाला. डब्यांवर अजून जीआयपीच आहे. तिची मध्य रेल्वे व्हायला नोव्हेंबर उजाडेल. तिसऱ्या वर्गात समोरच्या बाकावर एक मास्तर बसले आहेत. टोपी, धोतर, मांडीवर पितळी डबा. कुठे निघालात, विचारतात.

"दिल्लीला. धावण्याच्या शर्यती बघायला."

"लेव्ही पिंटो का? आमच्या शाळेतली पोरं त्याचंच नाव घेतात."

"तो आहेच. पण मी मुलींची रिले बघायला चाललोय."

मास्तर डब्याचं झाकण उघडतात, बंद करतात. मग म्हणतात, "आमची थोरली खो-खोत कुणाला सापडत नसे. तेरावं लागलं आणि तिच्या आजीने बंद केलं. मीही काही बोललो नाही." पुढे मनमाडपर्यंत ते काही बोलत नाहीत. मनमाडला चहा मात्र त्यांच्याकडून.

हे मास्तर लक्षात ठेवा. दिल्लीतल्या संघातली नावं वाचलीत की त्यांची आठवण येईल. रोशन मिस्त्री, पॅट मेंडोंसा, मेरी डिसोझा. सगळी पारशी नाहीतर ख्रिस्ती घरांतली. मुंबईत त्या घरांतल्या मुलींनी अर्ध्या चड्डीत मैदानावर उतरणं हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न नव्हता. बाकीच्या घरांतल्या मुली काही कमी वेगाच्या नव्हत्या. त्या तेराव्या वर्षी घरी बसल्या होत्या, एवढंच. आपल्या क्रीडा-इतिहासांत हे वाक्य सहसा सापडत नाही. त्या काळी महिलांचा खेळ मागासलेला होता असं मोघम लिहिलेलं असतं, जणू कुणी मागे धरलंच नव्हतं.

*

दिल्लीला फार रेंगाळू नका. नॅशनल स्टेडियम म्हणजे कालपरवापर्यंतचं आयर्विन ॲम्फिथिएटर. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद उद्घाटन करतात. अकरा देश आलेत. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला ज्या जपानला बोलावलंसुद्धा नव्हतं, तो इथे आलाय आणि त्याच्या मुली बायकांच्या मैदानी स्पर्धांतलं एकूण एक सोनं घेऊन जाणार आहेत. लेव्ही पिंटो १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकतो आणि दुसऱ्या दिवसापासून पानवाल्याच्या तोंडीसुद्धा त्याचंच नाव. रोशन मिस्त्रीला १०० मीटरमध्ये रौप्य, मेरी डिसोझाला २०० मीटरमध्ये कांस्य. चार बाय शंभरच्या रिलेत जपान पहिला, भारत दुसरा.

एक गोष्ट मात्र इथेच शिकून घ्या, पुढे लागेल. प्रेक्षक शर्यतीच्या शेवटाकडे बघतात. तुम्ही बॅटन-बदलाच्या पट्ट्याकडे बघा. पट्टा वीस मीटरचा. बॅटन त्याच्या आतच एका हातातून दुसऱ्या हातात गेलं पाहिजे, बाहेर गेलं की संघ बाद. आज धावणाऱ्या मुलीला तीस मीटर मिळतात. साठच्या दशकात पट्ट्याआधी दहा मीटरची पळती जागा मिळू लागली आणि अलीकडे ती पट्ट्यातच धरली जाऊ लागली. १९५१ला ती सवलत नाही. घेणारीने याच वीस मीटरांत जागेवरून उठायचं, वेग पकडायचा, हात मागे करायचा आणि मागे वळून न बघता बॅटन घ्यायचं. बघायला मान वळवली की पाय मंदावले.

मास्तरांच्या थोरलीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. खो-खोत पाठीला हात लागतो, कानावर 'खो' पडतो आणि बसलेली उठून सुटते. कोण आली, कुठून आली, हे बघत बसली की समोरचा गडी निसटला. ज्या मुलींना महाराष्ट्राने घरी बसवलं, त्यांना रिलेतला सगळ्यात अवघड भाग लहानपणापासून येत होता. हा विचार मला अधूनमधून छळतो.

*

मधे वांद्र्याला एक थांबा घ्या, १९५२चा. मेरी डिसोझाची निवड हेलसिंकीच्या ऑलिम्पिकसाठी झाली आहे आणि जायला पैसे नाहीत. सरकारी तिजोरीची वाट बघत बसलं तर शर्यती होऊन जातील. तेव्हा शेजारीपाजारी आणि मैत्रिणी पत्त्यांचे डाव मांडतात, नाचाचे कार्यक्रम करतात, वर्गणी जमवतात. तुम्हीही दोन हात खेळा आणि मुद्दाम हरा. खिशातली चिल्लर यासाठीच आणायला सांगितली होती. मेरी हेलसिंकीला १०० आणि २०० मीटर धावेल. तिथे नीलिमा घोषही आहे. ऑलिम्पिकच्या मैदानी स्पर्धांत उतरलेल्या भारताच्या या पहिल्या बायका. मेरी हॉकीतही देशाकडून खेळेल, आणि सरकारला तिची आठवण ध्यानचंद पुरस्काराच्या रूपाने होईल ती २०१३ साली. तोवर ती ऐंशी ओलांडून गेलेली असेल.

*

मनिलाला पंजाब मेल जात नाही. डोळे मिटा.

उघडा. मे १९५४. घाम असा की सदरा अंगाला चिकटतो आणि सुटतच नाही. रिझाल मेमोरियल स्टेडियम. १९३४ साली बांधलेलं, १९४५च्या लढाईत खिळखिळं झालेलं आणि या स्पर्धांसाठी पुन्हा उभं केलेलं. नऊ वर्षांपूर्वी याच आवारात जपानी आणि अमेरिकी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आज तिथे जपानी मुली पायांचे स्नायू मोकळे करत आहेत. फिलिपिन्स आणि जपान यांच्यात अजून राजनैतिक संबंधसुद्धा नाहीत. ते १९५६ला जुळतील. तुमच्या शेजारी बसलेली फिलिपिनो बाई जपानचा झेंडा दिसला की हातातला पंखा थांबवते. टाळ्या नाहीत, आरडाओरडाही नाही. पंखा फक्त थांबतो. तिला काही विचारू नका.

उद्घाटन १ मेला राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांच्या हस्ते झालं. हे नाव आपल्याकडे पुढे घरोघरी जाईल, कारण त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ साली पहिल्यांदा दिला जाईल तेव्हाच विनोबांना मिळेल. १ मेचं आपल्याला काय ते अजून सहा वर्षांनी. आत्ता महाराष्ट्र नावाचं राज्य नाही, नाशिक मुंबई राज्यात आहे आणि गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात.

गोव्याचं अशासाठी सांगितलं की भारताच्या चौघींतली एक, स्टेफी डिसोझा, मूळची गोव्याची आहे. नाव पुढे झालं ते पुण्याची धावपटू म्हणून. अजून विशीसुद्धा गाठलेली नाही. दुसरी मेरी डिसोझा, हिला तुम्ही ओळखता, हिच्यासाठी पत्त्यांत हरला आहात. दोघींचं आडनाव एक म्हणून बहिणी समजू नका. पेपरवाल्यांचाही तो घोटाळा होत असणार. तिसरी ख्रिस्टीन ब्राऊन. चौथी व्हायोलेट पीटर्स.

वैयक्तिक धावांतलं सोनं इथेही जपानकडे गेलंय. सरळ शंभर मीटर पळवलं तर जपानी मुलगी पुढे, हे सगळ्यांना दिसलेलं आहे. मग रिलेत काय वेगळं होणार?

आता जागा निवडा. रिले बघायला आलेल्या माणसापुढे हा एक पेच असतोच. चार ठिकाणी चार गोष्टी घडतात आणि तुम्ही एका ठिकाणी असता. टीव्ही नाही, पडदा नाही, पुन्हा दाखवणं नाही. सुरुवात बघाल तर शेवट अंदाजाने, शेवट बघाल तर सुरुवात लोकांच्या तोंडून. ही शर्यत सबंध कुणीच बघत नाही. धावणाऱ्या चौघीसुद्धा नाही. माझं ऐकाल तर दुसऱ्या बदलापाशी चला, समोरची लांब सरळ रेषा संपते आणि वळण सुरू होतं तिथे.

ट्रॅक कोळशाच्या बारीक राखेचा आहे. कालच्या पावलांचे खड्डे दाबून, पाणी मारून तो सपाट केलाय. भारताची मुलगी आपल्या लेनमध्ये उभी आहे. इतक्या लांबून कोण ते नीट कळत नाही, केस मागे घट्ट बांधलेले, एवढंच दिसतं. ती पट्ट्याच्या सुरुवातीच्या रेषेला टाच लावते आणि उलट्या दिशेने पावलं मोजत जाते. टाचेला चवडा, टाचेला चवडा. थांबते. बुटाच्या खिळ्याने राखेत आडवी रेघ ओढते. मग परत जागेवर येते, वळून त्या रेघेकडे बघते, पुन्हा जाते आणि रेघ बोटभर मागे घेते.

सगळी शर्यत त्या बोटभर सरकवलेल्या रेघेत आहे. मागून येणारी मैत्रीण त्या खुणेवर पाय टाकेल त्या क्षणी हिने सुटायचं. रेघ जवळ असेल तर येणारी हिच्या अंगावर आदळेल. लांब असेल तर ही निघून जाईल आणि मागची हात लांबवत पट्ट्याबाहेर पोहोचेल. रेघ कुठे ओढायची हे मागची किती थकलेली असेल त्यावर ठरतं, आणि ते हिला ठाऊक असायला हवं. स्वतःचा वेग सगळ्याच जणी जाणतात. इथे दुसरीचा वेग जाणावा लागतो, तोही तिच्या शर्यतीच्या शेवटच्या दहा पावलांतला.

मैदानाच्या पलीकडे पिस्तुलाचा धूर दिसतो. बार मागून ऐकू येतो.

पहिलं वळण तुमच्यापासून लांब आहे; तिथे नुसते रंग हलतात. पहिला बदल होतो. आता त्या सरळ रेषेवरून तुमच्याच दिशेने येतात. कोण पुढे आहे? सांगता येत नाही. बाहेरच्या लेनमधल्या मुलींना वळणाचं जास्त अंतर भरून देण्यासाठी पुढून सुरुवात दिलेली असते आणि तो हिशेब अजून मिटलेला नाही. पुढे दिसणारी पुढे असेलच असं नाही. शेजारचे लोक हवं त्याचं नाव घेऊन ओरडताहेत, त्यांनाही काही कळत नाही.

येणारीच्या छातीचा भाता ऐकू येतो. बूट राखेत करकरतात. तिचा पाय रेघेवर पडला. उभी असलेली सुटली, आणि एक-दोन पावलं असं वाटतं की ही निघून चालली, मागचीला सोडून चालली. मागून एक हाक. ओरडणं म्हणा, शब्द ऐकू येत नाही. हात मागे येतो, तळवा उघडा. ती बघत नाही. बॅटन लागतं, बोटं मिटतात. आणि आता जिच्या हातात बॅटन आहे ती वळणावर, आणि जिच्या हातात नाही ती लेनमध्येच कमरेवर हात ठेवून उभी, कारण लेन सोडली आणि दुसऱ्या कुणाच्या आड आली तर सगळ्यांचंच वाटोळं.

अडीच सेकंदं लागली असतील. ज्यासाठी आलात ते झालं.

पुढचं तुम्हाला तिरकं दिसतं. तिसरी वळणावर दिसेनाशी होते, शेवटची सुटते, समोरच्या कडेला गर्दी उभी राहते आणि सगळ्यांच्या पाठी तुम्हाला दिसतात. मग खूप वेळ काही नाही. हातातल्या घड्याळांचे आकडे जमवायचे असतात. पंच एकमेकांना घड्याळं दाखवतात, मान हलवतात, लिहितात. कर्ण्यातून आधी देशाचं नाव येतं, मग वेळ. भारत. ४९.५ सेकंद.

शेजारच्या बाईचा पंखा जोरात हलायला लागतो. जपान हरला. तुमच्यासाठी नव्हे, पण चला, टाळ्या टाळ्याच.

आशियाई स्पर्धांत भारताच्या बायकांना मिळालेलं हे पहिलं सोनं. कमी वेगाच्या मुलींनी जास्त वेगाच्या मुलींना मागे टाकलं म्हणजे पायांव्यतिरिक्त कुठेतरी वेळ वाचला, आणि तो वाचायला जागा एकच, वीस मीटरचे ते तीन पट्टे. हे सोनं चौघींपैकी कुणाच्याही एकटीच्या अंगात नव्हतं. मला या पदकाबद्दल सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे, आणि ते विसरलं जायचं कारणही हेच असावं.

कारण मनिलातून भारत पाच सुवर्णपदकं घेऊन परतला. प्रद्युमन सिंग, गोळाफेक आणि थाळीफेक, दोन. अजित सिंग, उंच उडी. सरवन सिंग, अडथळ्यांची शर्यत. आणि महिला रिले संघ. यादी वाचून बघा. चार ओळींत माणसाचं नाव आहे, पाचवीत 'संघ'. सत्काराला, टपालाच्या तिकिटाला, शाळेच्या भिंतीवरच्या चित्राला एक चेहरा लागतो. चार चेहरे आले की वाचणारा पान उलटतो. स्टेफीचं नाव पुढे टिकलं ते तिने १९५८ला टोकियोत २०० मीटरचं रौप्य एकटीने मिळवलं म्हणून, १९६३चा अर्जुन पुरस्कार एकटीला मिळाला म्हणून आणि १९६४च्या ऑलिम्पिकला ४०० मीटर ती एकटी धावली म्हणून. ख्रिस्टीन ब्राऊन आणि व्हायोलेट पीटर्स ही नावं तुम्ही आजच्या आधी कधी ऐकली होतीत?

*

शेवटची उडी मोठी आहे, छप्पन्न वर्षांची. आता मोबाईल चालेल.

दिल्ली, ऑक्टोबर २०१०, राष्ट्रकुल स्पर्धा. रिलेच्या चार दिवस आधीच उतरा, ८ तारखेला, कारण नाशिककर असून ती संध्याकाळ चुकवली तर घरी घेणार नाहीत. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, १०,००० मीटर, पंचवीस फेऱ्या. कविता राऊत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली घडलेली. ३३ मिनिटं ५.२८ सेकंद, केनियाच्या दोघींच्या मागे तिसरी. राष्ट्रकुलात धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव पेपरांत आधीच होतं, आता ते फ्लेक्सवर जातं. त्र्यंबक रस्त्याला त्या आठवड्यात काय चाललं असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

मागच्या रांगेत सिन्नरचे एक गृहस्थ बसलेत. कवितासाठी आले होते, परतीचं तिकीट मिळालं नाही म्हणून रिलेच्या दिवसापर्यंत राहिले. लांब पल्ल्याच्या मुली नाशिकच्या आणि रिलेतल्या इतर राज्यांतल्या, हे असं का, असं ते विचारतात. उत्तर सोपं आहे. लांब पळायला रस्ता लागतो, टेकडी लागते, एक हट्टी मुलगी आणि तिच्याहून हट्टी कोच लागतो. रिलेला एका वयाच्या, एका ताकदीच्या चार मुली एकाच मैदानावर वर्षानुवर्षं लागतात, आखलेल्या लेन लागतात, आणि चौघींपैकी एकीचंही मधेच लग्न ठरून चालत नाही. सिन्नरकर शेवटच्या वाक्याला हसतात, मग हसायचे थांबतात.

१२ ऑक्टोबर, मंगळवार. आज चार बाय शंभरही आहे आणि चार बाय चारशेही. स्टेडियम भरलंय ते चारशेसाठी, आणि ती शर्यत आहेही तशीच. मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर. ३ मिनिटं २७.७७ सेकंद, नायजेरिया आणि इंग्लंड मागे. मिल्खासिंगांच्या १९५८च्या सोन्यानंतर राष्ट्रकुलात धावण्यातलं भारताचं हे पहिलं सोनं. लोक खुर्च्यांवर उभे राहतात. तुम्हीही राहाल, पण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. चौघींपैकी तिघी पुढच्याच वर्षी उत्तेजक चाचणीत सापडतील आणि त्यांच्यावर बंदी येईल. दिल्लीचं पदक शाबूत राहील, आजचा आनंद मात्र लोक नंतर जपून आठवतील. काळात मागेपुढे करणाऱ्याला एवढी शिक्षा असतेच. सिन्नरकरांना यातलं काही बोलू नका, ते नाचताहेत.

तुम्ही आला आहात ते चार बाय शंभरसाठी. सत्ती गीता, सरबनी नंदा, पी. के. प्रिया, एच. एम. ज्योती. इंग्लंड ४४.१९ सेकंदांत निवांत पुढे निघून जातं. त्यामागे घाना आणि भारत रेषेवर एकत्रच येतात. सगळे मोठ्या पडद्याकडे बघू लागतात. राखेचा ट्रॅक जाऊन सिंथेटिक आलाय, हातातली घड्याळं जाऊन रेषेवर कॅमेरा आलाय. तो फक्त ती एक रेषाच टिपतो आणि सेकंदाचे शंभर भाग वेगळे करून दाखवतो. पडद्यावर आकडे येतात. घाना ४५.२४. भारत ४५.२५.

त्या वेगाने धावणारी बाई सेकंदाच्या शंभराव्या भागात नऊएक सेंटिमीटर जाते. वीतभरसुद्धा नाही. रौप्य आणि कांस्य यांत एवढंच अंतर, आणि ते कुठल्या बदलात गेलं हे त्या चौघीच जाणोत. कदाचित कुणाची तरी खूण बोटभर चुकली असेल. आता राखेत रेघ ओढत नाहीत, ट्रॅकवर चिकटपट्टी लावतात, पण पावलं अजून तशीच मोजतात, टाचेला चवडा लावून. मनिलातली पंचांची घड्याळं इथे असती तर पुढची कोण ते डोळ्यांनीच ठरवावं लागलं असतं, आणि मग पंचांची भांडणं.

बाहेर पडायला तासभर लागतो. स्टेडियमच्या नावाचं मेट्रो स्टेशन नुकतंच, ३ ऑक्टोबरला सुरू झालंय. जिन्यांवर नव्या रंगाचा वास आहे आणि लोक मशिनशी टोकन घेऊन झटापट करताहेत. सिन्नरकर प्लॅटफॉर्मवर उभे राहून घरी फोन लावतात. आवाज एवढा की दोन्हीकडचं तुम्हाला ऐकू येतं.

"अगं, चारशेचं सोनं तर टीव्हीवर बघितलंच असशील. शंभरचं कांस्य बघितलंस का? आपल्या मुलींचं."

"नाही बाई. लाईट गेले होते. कोण आली पहिली?"

"पहिली-दुसरी नाही गं त्यात. चौघी मिळून तिसऱ्या."

"चौघी तिसऱ्या? मग पहिल्या किती?"

"चार. इंग्लंडच्या. आणि दुसऱ्या चार, घानाच्या."

"बारा जणींना पदक? मग त्यात काय विशेष!"

सिन्नरकर फोनवर हात ठेवून तुमच्याकडे बघतात. तुम्ही खांदे उडवता. ते पुन्हा फोन कानाला लावतात. "विशेष आहे. घरी आल्यावर सांगतो. बाळूला म्हणावं, नावं लिहून घे, शाळेत विचारतील."

"थांबा, पेन घेतला. हं, सांगा."

ते परत तुमच्याकडे बघतात. तुम्ही सांगत जाता, ते मोठ्याने म्हणत जातात. "गीता. सरबनी. नाही, श्रावणी नाही, स-र-ब-नी. प्रिया. आणि ज्योती."

"आडनावं?"

गाडी येते, दारं उघडतात, मागची गर्दी दोघांनाही आत लोटते. फोन कधीच कट झालेला असतो, आणि सिन्नरकर अजून सांगत असतात.